पीएचसीतली पदं, आकडे आणि पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावांतून सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, रुग्ण कल्याण समितीवर (दवाखान्याचा किरकोळ निधी आणि कारभार पाहणारी समिती) नव्यानं आलेली मंडळी आणि तालुक्याचे वार्ताहर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथं एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जात असेल तिथं त्याचा क्रमांक दिला आहे.

१. उपकेंद्र, पीएचसी, ग्रामीण रुग्णालय यांत फरक काय? तक्रार नेमकी कुणाकडं करायची?

निकष लोकसंख्येचा आहे. उपकेंद्र सपाट भागात ५,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी, सपाटीवर ३०,०००, आदिवासी भागात २०,००० मागे. त्यावर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय.

तक्रारीच्या दृष्टीनं महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. उपकेंद्र आणि पीएचसी जिल्हा परिषदेची. तिथले साहेब तालुका आरोग्य अधिकारी (टीएचओ) आणि जिल्हा आरोग्य अधिकारी (डीएचओ). ग्रामीण रुग्णालयापासून पुढचं सगळं थेट राज्य शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. तिथं जिल्हा शल्य चिकित्सक, म्हणजे सीएस. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय तर तिसऱ्याच खात्याकडं, वैद्यकीय शिक्षण विभागाकडं. ग्रामीण रुग्णालयाची तक्रार जिल्हा परिषदेत दिली तर ती महिनाभर टपालात फिरते आणि शेवटी "आपला विषय या कार्यालयाशी संबंधित नाही" असं पत्र येतं. विभागीय पातळीवर नागपूर मंडळात सहा जिल्हे आणि अकोला मंडळात पाच; दोन्हीकडं आरोग्य उपसंचालक असतात.

२. आमच्या पीएचसीला किती पदं असायला पाहिजेत, हे कुठं पाहायचं?

आकृतिबंधात. कोणत्या केंद्राला कोणती किती पदं मंजूर, याचा शासनमान्य तक्ता म्हणजे आकृतिबंध. साधारण पीएचसीत दोन वैद्यकीय अधिकारी, औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आरोग्य सहाय्यक, आरोग्य सहाय्यिका, आरोग्यसेविका, कनिष्ठ सहाय्यक, वाहनचालक, परिचर अशी पदं दिसतात. उपकेंद्रात आरोग्यसेविका, आरोग्यसेवक आणि अंशकालीन स्त्री परिचर.

बहुतेक पीएचसींत हा तक्ता वैद्यकीय अधिकाऱ्याच्या खोलीत भिंतीवर काळ्या रंगात रंगवलेला असतो. रकाने पाच : अनुक्रमांक, पदनाम, मंजूर, भरलेली, रिक्त. पदनामं पांढऱ्या ऑईलपेंटची, पक्की. आकडे खडूचे. नेमकी तारीख त्या फळ्यावर नसते, आणि असली तर मागच्या एखाद्या तपासणीच्या आदल्या दिवसाची असते. फळ्याचा फोटो काढून बातमी करण्याआधी चालू महिन्याचं वेतन देयक कोणकोणत्या पदांचं निघालं, ते विचारा. पगार निघाला ते पद भरलेलं, एवढं तरी पक्कं. माणूस तिथं होता की नाही, हा प्रश्न ४.

३. पेपरात एक आकडा, विधानसभेतल्या उत्तरात दुसरा, केंद्राच्या अहवालात तिसरा. खरा कोणता?

बहुतेक वेळा तिन्ही खरे असतात. ते तीन वेगळ्या गोष्टी मोजतात, गोंधळ तिथून सुरू होतो.

"रिक्त" म्हणजे मंजूर पदांतून भरलेली वजा. "तुटवडा" म्हणजे निकषानुसार जितकी हवीत त्यातून भरलेली वजा. पद मंजूरच झालं नसेल तर ते रिक्त कधीच दिसणार नाही.

केंद्र सरकार दरवर्षी ३१ मार्चच्या स्थितीवर ग्रामीण आरोग्याची आकडेवारी प्रसिद्ध करतं. १९९२ पासून ती निघते. त्यात इमारतींचा तुटवडा लोकसंख्येवर काढतात, पण कर्मचाऱ्यांचा तुटवडा काढतात तो अस्तित्वात असलेल्या केंद्रांवर. समजा एका पूर्ण आदिवासी तालुक्याची ग्रामीण लोकसंख्या १,५०,००० आहे. ३,००० मागे एक या हिशेबानं ५० उपकेंद्रं हवीत. आहेत ३६. त्या ३६ साठी ३६ आरोग्यसेविका हव्यात, कामावर ३३ आहेत. अहवाल सांगेल : सेविकांचा तुटवडा ३. ऐकणाऱ्याला वाटतं, बरं चाललंय की! पण लोकसंख्येच्या मापानं ५० हव्या होत्या आणि ३३ आहेत, म्हणजे कमी १७. उरलेल्या १४ जणी हिशेबात येतच नाहीत, कारण त्यांची उपकेंद्रंच उभी नाहीत. उपकेंद्र जितकं कमी, तितका कर्मचाऱ्यांचा तुटवडाही कागदावर कमी. हा घोटाळा कुणी मुद्दाम केलेला नाही, पद्धतच तशी आहे. पण वाचणाऱ्यानं फसू नये.

त्यात शेवटची जनगणना २०११ ची. तिच्यावरून गरज मोजली की तेव्हापासून वाढलेली वस्ती मापातून सुटते. देशाच्या बेरजेत आणखी एक खोच असते : एका राज्यात पदं निकषापेक्षा जास्त भरली असली तरी ती दुसऱ्या राज्याच्या तुटीतून वजा केली जात नाहीत.

म्हणून कोणताही आकडा हातात आला की आधी पाहा : कोणत्या तारखेचा, मंजूर पदांवरून की निकषावरून, आणि कंत्राटी धरून की सोडून (प्रश्न ६).

४. फळ्यावर दोन्ही डॉक्टर "भरलेले". दवाखान्यात एकच दिसतो, कधी तोही नाही. असं कसं?

पद भरलेलं असणं आणि माणूस खुर्चीत असणं यांत बरंच अंतर आहे. नेहमीची कारणं अशी. एक डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या केंद्रात किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात. पगार इथून निघतो, काम तिथं. दुसरा पदव्युत्तर शिक्षणाला गेलेला. पद त्याच्या नावावर, म्हणून नवा देता येत नाही. प्रसूती रजा. शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार, म्हणजे आठवड्यातले तीन दिवस इथं आणि तीन तिथं. पण दोन्ही फळ्यांवर तो पूर्ण मोजला जातो. शिवाय शवविच्छेदन, कोर्टात साक्ष, आश्रमशाळांच्या तपासण्या.

"डॉक्टर नाहीत" अशी तक्रार दिली की "पद भरलेले आहे" असं उत्तर येतं आणि विषय मिटतो. त्याऐवजी विचारा : मागच्या तीन महिन्यांत हे अधिकारी या केंद्रात प्रत्यक्ष किती दिवस हजर होते? प्रतिनियुक्तीचा आदेश कुणी काढला, किती दिवसांसाठी? हजेरीपट, मंजूर फिरती कार्यक्रम आणि प्रतिनियुक्तीचे आदेश, ही तीन कागदं शेजारी ठेवली की उत्तर आपोआप निघतं. हजेरीपटात सही आणि त्याच दिवशी फिरतीत तालुक्याचं गाव, असं दोनदा दिसलं तर लेखी खुलासा मागायला हरकत नाही.

प्रतिनियुक्त्या रद्द झाल्याची बातमी दर वर्षा-दोन वर्षांनी येते. आदेश निघतो, माणूस परततो का ते पुढच्या महिन्याच्या हजेरीपटात कळतं.

५. जेव्हा जावं तेव्हा "डॉक्टर मिटिंगले गेले" म्हणते. रोजच मिटिंग असते काय जी?

रोज नसते, पण कमीही नसते. तालुक्याची मासिक सभा, जिल्ह्याची आढावा सभा, आशांची सभा, मध्येच एखादी व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची सभा. आठवड्याला दोन दिवस जाऊ शकतात. ओपीडीच्या वेळात दोघांपैकी एकानं थांबायचं, असं ठरलेलं असतं. एकच असला तर प्रश्न ४ चं दुखणं. सभेचं पत्र मात्र प्रत्येक वेळी निघतं. तारीख लिहून ठेवा आणि टीएचओ कार्यालयाला विचारा, त्या दिवशी सभा होती का.

६. कंत्राटी डॉक्टर, सीएचओ, बंधपत्रित डॉक्टर, आशा : हे सगळे पदांत मोजतात का?

प्रत्येकाचं वेगळं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले (एनएचएम) कर्मचारी नियमित आकृतिबंधात नसतात. त्यांची पदं दर आराखड्यात मंजूर होतात. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, याच गटातले. बीएएमएस किंवा नर्सिंगची पदवी आणि वर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. मानधन २५,००० आणि कामावर आधारित मोबदला १५,००० पर्यंत. हा मोबदला पोर्टलवर भरलेल्या कामाच्या नोंदींवरून निघतो, हे प्रश्न ८ वाचताना ध्यानात असू द्या.

बंधपत्रित डॉक्टर म्हणजे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सेवा द्यायला बांधलेला. तो मंजूर पदावर बसतो, म्हणून पद भरलेलं दिसतं. वर्ष संपलं, पुढच्या परीक्षेचा निकाल लागला की पद रिकामं. म्हणून एकाच केंद्राचा आकडा काही महिन्यांच्या अंतरानं शून्यावरून दोन आणि दोनवरून शून्य होतो. यात कुणी खोटं बोलत नसतं.

आशा कर्मचारी म्हणून कुठंच मोजल्या जात नाहीत. कागदोपत्री त्या स्वयंसेविका आहेत. साधारण हजार लोकांमागे एक, आदिवासी भागात पाड्यामागे एक. गावातली निम्मी नोंद त्यांच्या वहीतून येते आणि पदांच्या तक्त्यात त्यांना रकाना नाही.

७. पेसा (अनुसूचित क्षेत्रासाठीचा पंचायत कायदा) लागू असलेल्या गावांत आरोग्यसेविकांची भरती इतकी का रखडते?

विदर्भात अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. तिथं आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक यांच्यासह १७ संवर्गांतली पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरायची, अशी राज्यपालांची अधिसूचना आहे. तिच्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२३ च्या मोठ्या जिल्हा परिषद भरतीत या पदांचे निकाल अडकले. पुढं काही उमेदवारांना मानधनावर घेतलं गेलं. म्हणून धारणी-चिखलदऱ्यातल्या आकड्यांत "मानधन तत्त्वावर" असा वेगळा रकाना दिसतो. तो कधी भरलेल्यांत धरतात, कधी रिक्तमध्ये. विचारून घ्या.

८. हे सगळे आकडे मुळात येतात कुठून?

आरोग्यसेविकेच्या वहीतून. गरोदर माता, बाळं, लसी यांची नोंद ती रजिस्टरात करते, मग माता-बाल पोर्टलवर नावनिशी. महिनाअखेर उपकेंद्राचा अहवाल पीएचसीत जातो आणि एचएमआयएस या राष्ट्रीय प्रणालीत चढतो. ती २००८ पासून चालू आहे. साथरोगांचं पोर्टल वेगळं. त्यात तीन नमुने : उपकेंद्राचा 'एस' (लक्षणांवरून), डॉक्टरांचा 'पी' (तपासून संशय), प्रयोगशाळेचा 'एल' (तपासणीत निश्चित). क्षयरोगाला निक्षय. औषधसाठ्याला ई-औषधी.

एकच माणूस, पाच पोर्टल आणि पावसाळ्यात नेट नाही. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. अशा भागातल्या काही महिन्यांचा अहवाल उशिरा चढतो आणि तोवर "शून्य" दिसतो. शून्य आणि रिकामं यांत फरक आहे. तक्त्यात शून्य दिसलं तर आधी अहवाल आला होता का, ते विचारा.

९. आमच्या केंद्राचं लसीकरण १०८ टक्के! शंभराच्या वर कसं जातं?

छेद चुकला की जातं. उद्दिष्ट बाळं मोजून ठरत नाही, लोकसंख्येच्या अंदाजावरून ठरतं. ३०,००० लोकसंख्या, जन्मदर हजारी १५ धरला तर वर्षाला ४५० बाळं. गर्भपात वगैरे धरून आणखी १० टक्के, म्हणून गरोदर मातांचं उद्दिष्ट ४९५. आता गावात प्रत्यक्ष ४८६ बाळांना लस दिली तर ४८६ भागिले ४५० म्हणजे १०८ टक्के. त्यात माहेरी आलेल्या लेकींची बाळं असतील, शेजारच्या तालुक्यातली असतील. काम चांगलं असू शकतं, टक्केवारी मात्र निरुपयोगी.

उलटंही होतं. मेळघाटातली कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परत येतात. मधल्या महिन्यांत बाळं गावात नाहीत, उद्दिष्ट मात्र तेवढंच. मग "लसीकरण ६० टक्क्यांवर घसरलं" अशी बातमी होते.

उपाय एकच : टक्केवारी सोडा, नावनिशी यादी मागा. दोन वर्षांखालची बाळं किती, त्यांतली लस राहिलेली कोण. आशाच्या वहीत ही यादी असते आणि ती कुठल्याही पोर्टलपेक्षा भरवशाची.

१०. सून माहेरी बाळंत झाली. तिची नोंद कुठं धरतात?

प्रसूती जिथं झाली त्या संस्थेच्या खात्यात. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, पहिली लस तिसरीकडं. पोर्टलवरचा तिचा क्रमांक माहेरच्या सिस्टरला मिळाला नाही तर ती तिथं नव्यानं नोंदवली जाते. मग एकच बाई दोनदा, आणि सासरच्या यादीत ती "पाठपुरावा नाही" या रकान्यात.

यातूनच दुसरा गैरसमज निघतो. पीएचसीत वर्षाला १२ च बाळंतपणं झाली, म्हणजे सिस्टर काम करत नाहीत, असं म्हणतात. बायका जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयात जात असतील. आधी पाहा की घरी किती झाली. घरची प्रसूती शून्य आणि पीएचसीत १२, ही वाईट स्थिती नाही. पण त्याच पीएचसीत डॉक्टर-सिस्टरांची सगळी पदं भरलेली असून १२ च होत असतील आणि वाटेत गाडीत प्रसूती होत असतील, तर प्रश्न गंभीर.

११. यंदा हिवताप निम्म्यावर आला म्हणतात. खरंच आला का?

रुग्ण किती सापडले हे पाहण्याआधी रक्त किती जणांचं तपासलं ते पाहा. वर्षाला लोकसंख्येच्या निदान १० टक्के रक्तनमुने घ्यावेत असा निकष आहे. ३०,००० ला ३,००० नमुने, महिन्याला २५०. हिवतापग्रस्त भागात याहून जास्त लागतात, आणि राज्याच्या हिवतापाचा मोठा वाटा गडचिरोलीचा आहे.

आता समजा तीन उपकेंद्रांतले आरोग्यसेवक नाहीत. गृहभेटीत ताप कुणाला आलाय हे विचारणारा आणि बोटाला टोचून काचपट्टी घेणारा तोच. नमुने ३,००० वरून ९०० वर आले. पूर्वी ३,००० मध्ये ६० सापडले, आता ९०० मध्ये ३०. बातमी : रुग्ण निम्म्यावर. पण पूर्वी शंभरात २ निघत होते, आता शंभरात ३ पेक्षा जास्त. ताप कमी झालाच नाही, शोधणारा कमी झाला. प्रयोगशाळा तंत्रज्ञाचं पद रिकामं असलं तर काचपट्ट्या दुसऱ्या केंद्रात जातात, आठवड्यानं निकाल येतो. तोवर रुग्ण खाजगीत सलाईन लावून मोकळा झालेला असतो आणि मोजणीतून सुटतो.

पदं आणि आकडे हे दोन वेगळे विषय म्हणून वाचू नयेत असं आम्ही म्हणतो ते याचमुळं. जिथं माणूस नाही तिथं रोगही कागदावर कमी असतो. सिकलसेल, कुपोषण, क्षय, सगळीकडं हाच हिशेब लावून पाहा.

१२. आमच्या पीएचसीचा बालमृत्यू दर दीडपट झाला असं छापून आलं. काय समजायचं?

दर नव्हे, मृत्यू मोजा. ४५० जन्मांत ७ बाळं दगावली तर हजारी १५.६, पुढच्या वर्षी १० दगावली तर २२.२. दीडपटीच्या जवळ. तीन बाळांचा फरक आहे. त्या तिन्ही घरांसाठी तो सगळं काही आहे, पण "दर वाढला" हा निष्कर्ष एवढ्या लहान संख्येवरून निघत नाही. माता मृत्यूचं तर विचारूच नका. राज्याचं प्रमाण २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं. त्या मापानं ४५० जन्मांच्या केंद्रात सहा-सात वर्षांत एखादा मृत्यू यावा. एक आला की त्या वर्षीचं प्रमाण २०० च्या पार. केंद्राच्या पातळीवर प्रत्येक मृत्यूचं अन्वेषण मागायचं : कोणत्या दिवशी, कुठं, किती वाजता गाडी मागितली, किती वाजता आली.

एक अडचणीची जागा आहे, ती नीट तपासा. जन्मून थोड्या वेळात गेलेलं बाळ "मृत जन्म" म्हणून लिहिलं की ते बालमृत्यूत येत नाही. एखाद्या केंद्रात मृत जन्म अचानक वाढले आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू कमी झाले, तर दोन्ही रकाने एकत्र करून पाहा. गडचिरोलीत सर्च संस्थेनं घरोघर जाऊन जन्म-मृत्यू नोंदवायची पद्धत बसवली. आज आशा रुग्णालयातून घरी आलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटते, त्यामागं ते काम आहे. या सहा भेटी झाल्या का, हे बाळाच्या आईला विचारलं तरी कळतं.

१३. पैसा येतो कुठून?

चार नळांतून. कायम कर्मचाऱ्यांचे पगार राज्य शासन जिल्हा परिषदेमार्फत देतं. एनएचएमचा निधी केंद्र ६०, राज्य ४० टक्के. इमारत-दुरुस्ती-यंत्रं यांसाठी जिल्हा नियोजन समिती आणि आदिवासी भागात आदिवासी घटक कार्यक्रम. चौथा नळ पंधराव्या वित्त आयोगाचा : २०२१ ते २६ साठी देशभरातल्या स्थानिक संस्थांमार्फत आरोग्याला ७०,०५१ कोटी.

अर्थसंकल्पात पगार-औषधं २२१० या लेखाशीर्षाखाली, कुटुंब कल्याण २२११, बांधकाम ४२१०. "आरोग्यावर इतके कोटी" असं भाषणात ऐकलं की ती तरतूद आहे, वितरण आहे की प्रत्यक्ष खर्च, हे विचारा. तरतूद मार्चमध्ये टाळ्या घेते. सुधारित अंदाज पुढच्या वर्षी गुपचूप येतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्चावं असं लिहिलं आहे. मोजपट्टी म्हणून ती वापरा.

१४. रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून काय घेता येतं? लेखापरीक्षणात काय अडकतं?

एनएचएममधून पीएचसीला वर्षाला कमाल १,७५,०००, ग्रामीण रुग्णालयाला ५ लाख, उपकेंद्राला २०,००० ('आयुष्मान आरोग्य मंदिर' असा दर्जा मिळालेल्याला ५०,०००), गावाच्या आरोग्य-पोषण-पाणी समितीला १०,०००. ही कमाल मर्यादा आहे. मागचा खर्च पाहून कमीही येतात. पूर्वी केसपेपरची फी याच खात्यात जमा व्हायची. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. लोकांचं भलं झालं, पण हाताशी असलेली ती चिल्लर थांबली.

चालतं ते असं : पाण्याची मोटर दुरुस्ती, इन्व्हर्टरची बॅटरी, प्रसूतिगृहातला फुटलेला नळ, चादरी, तातडीची औषधं, सफाई. पगार, सत्कार, साहेबांच्या केबिनचं फर्निचर चालत नाही.

फाइल उघडली की क्रमानं सापडलं पाहिजे : बैठकीचा ठराव, दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, देयक, साठा नोंदवहीचा पान क्रमांक, धनादेश. आक्षेप नेहमी त्याच जागी निघतो. देयकाची तारीख ठरावाच्या आधीची. तिन्ही दरपत्रकांवर एकच हस्ताक्षर, एकच स्पेलिंगची चूक. दहा चादरी घेतल्या आणि साठावहीत शून्य. पैसा खाल्लेला नसला तरी असा आक्षेप वर्षानुवर्षं निकाली निघत नाही, आणि मग पुढचा वैद्यकीय अधिकारी सही करायलाच घाबरतो.

१५. निधी आला होता, परत गेला. खर्च का होत नाही?

निम्मी गोष्ट सहीची आहे. खात्याला दोन सह्या लागतात; वैद्यकीय अधिकारी बदलला की बँकेत नमुना सही बदलायला महिना जातो. प्रभारी अधिकारी खर्चाच्या भानगडीत पडत नाही. अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून प्रशासक आले, तेव्हा लोकप्रतिनिधी नाहीत म्हणून समितीच्या बैठकाच अनेक ठिकाणी मागं पडल्या. बैठक नाही, ठराव नाही, खर्च नाही.

उरलेली निम्मी गोष्ट वेळेची. निधी फेब्रुवारीत उतरतो, ३१ मार्चच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र मागतात. मग एकाच आठवड्यात वजनकाटे, खुर्च्या आणि छपाई. मागचा खर्च कमी म्हणून पुढचा हप्ता कमी. ज्या केंद्रात माणसं नाहीत त्यालाच पैसाही कमी मिळतो, तो असा.

१६. "औषध नाही, बाहेरून घ्या" म्हणतात. आणि पोर्टलवर साठा दिसतो?

ई-औषधीवर साठा कुठला दिसतो ते बघा : जिल्ह्याच्या भांडाराचा की केंद्राचा. जिल्ह्याला आलेलं औषध मागणीपत्र गेल्याशिवाय खाली येत नाही आणि मागणीपत्र करणारा औषध निर्माण अधिकारी नसला तर तेही राहतं. सर्पदंशाची लस पेरणीच्या आधी केंद्रात असायला हवी, नंतर नव्हे. जूनच्या पहिल्या आठवड्यात किती कुप्या आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, हे विचारून ठेवा. फवारणीच्या हंगामासाठी ॲट्रोपिनचंही (कीटकनाशकाच्या विषबाधेवरचं इंजेक्शन) तसंच. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते विसरण्यासारखं नाही.

१७. इमारत उभी आहे, टाइल्स बसल्या, कुलूप का?

बांधकामाचा पैसा एका लेखाशीर्षातून, पदनिर्मिती दुसऱ्या खात्याच्या मंजुरीनं. दोन्ही फाइली एकत्र चालतातच असं नाही. इमारतीचा प्रस्ताव येताच पदनिर्मितीचा शासन निर्णय, विजेची जोडणी आणि पाण्याचा स्रोत, तिन्ही लेखी मागा. फीत कापल्यावर मागून उपयोग नाही.

१८. सरकार स्वतः हे तपासतं का?

तपासतं, थरावर थर आहेत. जिल्हा परिषदेचे हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षा पाहते. त्यावर विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्यात येऊन साक्ष घेते. ती येणार असली की फळ्यावरचा खडू ताजा होतो. राज्याचा खर्च महालेखापरीक्षक तपासतात. सार्वजनिक आरोग्याच्या पायाभूत सुविधांवरचा त्यांचा २०१६-१७ ते २०२१-२२ या काळाचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात मांडला गेला. तो पुढं लोकलेखा समितीकडं जातो. मेळघाटातल्या बालमृत्यूंवर उच्च न्यायालयातही वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या आहेत.

तुमच्या आमदाराला तारांकित प्रश्न द्यायचा असेल तर "डॉक्टर कमी आहेत हे खरे आहे काय?" असा नको. त्याला "अंशतः खरे आहे" हे ठरलेलं उत्तर आहे. तारीख, केंद्राचं नाव आणि प्रश्न ४ मधली विचारणा घाला.

१९. माहिती अधिकारात नेमकं काय लिहायचं?

एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, दाखला जोडायचा. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर ३० दिवसांत. नाही आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, मग ९० दिवसांत माहिती आयोग. खंडपीठं नागपूर आणि अमरावतीला आहेत.

"का" विचारू नका. कारण हे माहितीत येत नाही, असं उत्तर मिळतं. कागद मागा. असं : "दिनांक १ एप्रिल ते ३० जून या कालावधीतील प्रा. आ. केंद्र (गावाचे नाव) येथील अधिकारी-कर्मचारी यांच्या हजेरीपटाच्या, मंजूर फिरती कार्यक्रमाच्या व प्रतिनियुक्ती आदेशांच्या छायांकित प्रती मिळाव्यात." बस. रुग्णांची नावं असलेली रजिस्टरं मागू नका. मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. संख्या मागा.

२०. डॉक्टरच नाही म्हणून गावानं दवाखान्याला कुलूप ठोकायचं ठरवलंय. ठोकावं का?

नको. आत सिस्टर असते, एखादी बाई कळा देत असते. तोडफोड किंवा मारहाण झाली तर २०१० च्या राज्याच्या कायद्यानुसार गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. शिवाय त्या केंद्राचं नाव खराब होतं आणि नवा बंधपत्रित डॉक्टर यादीत दुसरं गाव निवडतो.

दुसरा सापळा बदलीचा. "या डॉक्टरला हटवा" असा ठराव केला की तो लवकर मंजूर होतो, पण जागेवर कोण येणार हे त्यात नसतं. ठराव ग्रामसभेचा घ्या आणि त्यात लिहा : पर्यायी अधिकारी रुजू झाल्याशिवाय कार्यमुक्त करू नये, प्रतिनियुक्ती रद्द करून मूळ ठिकाणी हजर करावे, मुख्यालयी राहण्यासाठी निवासस्थानाची दुरुस्ती अमुक तारखेपर्यंत करावी. प्रती टीएचओ, डीएचओ आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, आवक क्रमांक घेऊन. पंधरा दिवसांनी त्याच आवक क्रमांकावर स्मरणपत्र, महिन्यानं प्रश्न १९ चा अर्ज.